पीएचपीमध्ये मेल पाठवायचं फंक्शन असं लिहा की दर महिन्याला उघडावं लागणार नाही

सुरुवात सगळ्यांची सारखीच असते, कॉन्टॅक्ट फॉर्मसाठी एक छोटं फंक्शन लिहायचं, कोणाला, विषय, मजकूर, झालं काम. मग कोणीतरी सीसी मागतं, मग रिप्लाय-टू, मग पीडीएफ जोडायची असते आणि दरवेळी शेवटी एक पॅरामीटर वाढतो. माझ्या एका प्रोजेक्टमध्ये असे नऊ झाले होते, आणि एकदा घाईत मी बीसीसीची (इतरांपासून लपवायच्या पत्त्यांची) यादी सीसीच्या जागी दिली. दोन्ही साध्या स्ट्रिंगच, त्यामुळे पीएचपीने हूं की चूं केलं नाही आणि सगळ्या ग्राहकांना एकमेकांचे पत्ते दिसले. फार वाईट वाटलं होतं तेव्हा, माफीचे मेल एकेकाला पाठवावे लागले.

तेव्हापासून मी सक्तीच्या गोष्टी तीनच ठेवतो, बाकी सगळं नावासकट एका अ‍ॅरेत:

मेल_पाठव($कोणाला, $विषय, $मजकूर, ['रिप्लाय_टू' => $ग्राहक, 'जोड' => [$पीडीएफ]]);

(देवनागरी नावं पीएचपीला खरंच चालतात, फाइल फक्त यूटीएफ-८ मध्ये सेव्ह करा.)

आत डीफॉल्टची अ‍ॅरे ठेवायची आणि आलेली अ‍ॅरे_मर्जने (array_merge) तिच्यावर चढवायची. पण इथे एक खड्डा आहे, कोणी 'रिप्लाय_टू'च्या जागी 'रिप्लायटू' लिहिलं तर मर्ज ते गुपचूप गिळून टाकतं, मेल जातो पण उत्तर भलतीकडेच येतं. म्हणून मर्जच्या आधी अ‍ॅरे_डिफ_कीने (array_diff_key) बघा, अनोळखी की (key, म्हणजे नाव) आलीय का, आली तर सरळ एक्सेप्शन फेका. पीएचपी ८.० किंवा पुढचं असेल तर नेम्ड आर्ग्युमेंट्स (प्रत्येक पॅरामीटर नावासकट द्यायची सोय) वापरा, तिथे चुकीच्या नावाला भाषाच एरर देते.

आता फ्रॉमचं, म्हणजे पाठवणाऱ्याच्या पत्त्याचं. फॉर्म भरणाऱ्याचा पत्ता फ्रॉममध्ये टाकायचा मोह होतो, कृपा करून टाकू नका. त्या डोमेनच्या वतीने मेल पाठवायची परवानगी तुमच्या सर्व्हरला नसते, एसपीएफ आणि डीमार्कची (मेल खरंच त्या डोमेनचा आहे का हे बघणारी) तपासणी तिथेच अडवते आणि मेल स्पॅममध्ये जातो किंवा परत येतो. फ्रॉम आपल्याच डोमेनचा, त्यांचा पत्ता रिप्लाय-टूमध्ये. आणि पत्ता, नाव, विषय जे काही हेडरमध्ये जाणार त्यात नवी ओळ सापडली की मेल थांबवायचा, कारण नावाच्या खान्यात एंटर घालून पुढे बीसीसी लिहिलं की तुमच्याच फंक्शनमधून हजारोंना स्पॅम जाऊ शकतं. हेडर इंजेक्शन म्हणतात ते हेच.

पण माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे मेल तयार करणं आणि मेल धाडणं हे वेगळं ठेवा. एक भाग फक्त पत्र बनवतो, दुसरा ते पोचवायला देतो, आणि त्या दुसऱ्यासाठी एक इंटरफेस करा ज्यात 'पाठव' ही एकच मेथड. मग आज आतमध्ये पीएचपीचं साधं मेल() (mail) असू दे, उद्या ५८७ पोर्टवरून एसएमटीपी (थेट मेल सर्व्हरशी बोलून पाठवणं), वरचा कोड हलत नाही. मेल()ने ट्रू दिलं म्हणजे सर्व्हरने पुढे पाठवायला घेतलं एवढंच, समोरच्याला मिळालं असं नाही, हे विसरून 'तुमचा मेल पोचला' असा मेसेज दाखवणारे खूप आहेत.

जोड, एचटीएमएल आणि साधा मजकूर एकत्र, हे स्वतः हाताने बांधू नका, पीएचपीमेलर ही तयार लायब्ररी घ्या. ऑब्जेक्ट बनवताना ट्रू द्या म्हणजे चूक झाली की एक्सेप्शन येतं, आणि कॅरसेट (अक्षरांचं एन्कोडिंग) यूटीएफ-८ करायला विसरू नका कारण त्याचा डीफॉल्ट आयएसओ-८८५९-१ आहे, तसाच राहिला तर मराठी विषयाची पार वाट लागते.

इंटरफेस केलात की तिसरा क्लास लगेच लिहून टाका, दहा ओळींचा, जो मेल पाठवतच नाही, फाइलमध्ये लिहून ठेवतो. टेस्ट सर्व्हरवर हाच लावायचा. तिथे बऱ्याचदा खऱ्या ग्राहकांच्या डेटाची कॉपी असते आणि रात्री कोणीतरी रिमाइंडरचा क्रॉन (ठरल्या वेळी आपोआप चालणारं काम) चालू ठेवून घरी जातं.