ओपलच्या खाणींमधल्या पबांत जायचं तर

मी सिडनीत राहतो आणि दर हिवाळ्यात एकदा तरी लायटनिंग रिजला जातो. काळ्या ओपलचं, म्हणजे फिरवला की रंग चमकवणाऱ्या मौल्यवान खड्याचं, ते गाव. पण माझा जीव अडकलाय तो तिथून सुमारे ७० किलोमीटरवरच्या खाणींच्या परिसरातल्या तीन पबांत: ग्रॉविनचा ‘क्लब इन द स्क्रब’, ‘ग्लेनगॅरी हिल्टन’ आणि ‘शीपयार्ड इन’. हिल्टन या नावावर जाऊ नका. पत्रा, रानातली लाकडं आणि थंडगार बिअर, एवढाच तिथला थाट. तीनही ठिकाणं एकमेकांपासून थोड्याच अंतरावर आहेत.

जायचं एप्रिल ते सप्टेंबरमध्ये. इथल्या उन्हाळ्यात, म्हणजे डिसेंबर ते फेब्रुवारीत, पारा चाळिशी ओलांडतो आणि बरेच खाणवाले तेव्हा गाव सोडून जातात. सिडनीहून डब्बो, कूनाम्बल, वॉलगेट या वाटेने सातशेच्या वर किलोमीटर होतात, म्हणून डब्बोला मुक्काम करा. लायटनिंग रिजला टाकी भरा, पाणी घ्या, रोख पैसे घ्या. कार्डाचं मशीन नेटवर्कवर चालतं आणि नेटवर्क कधी दगा देईल सांगता येत नाही. निघण्यापूर्वी पबला फोन करून स्वयंपाकघर किती वाजता बंद होतं ते विचारा. शाकाहारी असाल तर तेव्हाच सांगा, नाहीतर चिप्स आणि सॅलडवर रात्र काढावी लागेल.

रस्त्याचं मात्र मनावर घ्या. शेवटचा टप्पा कच्चा आहे. एका सकाळी सर येऊन गेल्यावर मी निघालो आणि थोड्याच अंतरावर गाडी रुतली. चिखल चाकाला असा धरला की चाक फिरेना. आदल्या रात्री पबात ज्यांच्याशेजारी बसलो होतो तेच आजोबा यूट (मागे उघडा हौदा असलेली गाडी) घेऊन आले, दोर बांधला, गाडी ओढून काढली आणि पैशाचं नाव काढू दिलं नाही. तेव्हापासून पाऊस पडला की मी एक दिवस थांबतो. रस्ता बंदची पाटी असेल तर त्यावरून जाणं हा गुन्हा आहे, दंड होतो.

आत गेल्यावर कोपऱ्यातलं टेबल धरू नका, थेट काउंटरवर बसा. हा त्या लोकांचा कट्टा आहे. दिवसभर जमिनीखाली एकट्याने खणणारा माणूस संध्याकाळी इथे बोलायला येतो. इथे, न्यू साउथ वेल्स राज्यात, बिअरचा ‘स्कूनर’ ग्लास म्हणजे ४२५ मिली आणि ‘मिडी’ म्हणजे २८५. कुणी तुमच्यासाठी ‘शाउट’ केला, म्हणजे सगळ्यांची फेरी भरली, तर पुढची फेरी तुमची. ‘मी देतो, मी देतो’ अशी ओढाताण इथे नको. पाळी आली की द्यायचं. पीत नसाल तर पहिल्याच फेरीला सांगा आणि लेमोनेड घ्या, कुणाला वावगं वाटत नाही. गाडी चालवणाऱ्याने लेमोनेडच घ्यावं. रक्तातल्या अल्कोहोलची कायद्याची मर्यादा ०.०५ टक्के आहे, पण अंधार पडल्यावर कांगारू रस्त्यावर येतात. मी तर रात्री गाडी काढतच नाही. जवळपास कुठे झोपता येईल ते पबातच विचारतो.

काय विचारू नये, हे जास्त महत्त्वाचं. किती सापडलं, कुठे सापडलं, हे प्रश्न नकोत. इथे ‘रॅटर’ म्हणजे रात्री दुसऱ्याच्या खाणीत उतरून ओपल चोरणारे, आणि त्यांच्याबद्दल लोकांच्या मनात खरा राग आहे. त्याऐवजी खणायला कधी सुरुवात केली ते विचारा आणि ऐकत राहा.

गेल्या खेपेला आई सोबत होती. तासभर ती नुसती ऐकत होती. मग शेजारच्या गृहस्थांनी शर्टाच्या खिशातून पाण्याने भरलेली छोटी बाटली काढली आणि एक तुकडा तिच्या तळहातावर ठेवला. करडा, नखाएवढा. “फिरव,” ते म्हणाले. तिने बोटाने जरा वळवला तर हिरवं उमटलं, आणखी वळवल्यावर काठाशी लाल ठिणगी. रंग एकाच बाजूने दिसतो की सगळीकडून, हे बघायचं, असं त्यांनी सांगितलं. काळ्यावर लाल सर्वांत मोलाचं. रंगच नसेल तर तो ‘पॉच’. विकत घेताना खडा कडेनेही बघा. सरळ रेघेत थर दिसले तर तो डब्लेट किंवा ट्रिप्लेट, म्हणजे दोन किंवा तीन थर चिकटवून केलेला खडा असू शकतो. आणि दोन ग्लास पोटात असताना खरेदी करूच नका.

पबाबाहेर पांढऱ्या मातीचे ढीग दिसतील. फोटोसाठी तिकडे भटकू नका, मागे-मागे सरकत तर मुळीच नको. उघडी विवरं खोल असतात, शिवाय ती जमीन कुणाच्या तरी नावावरचा ‘क्लेम’, म्हणजे खणायचा हक्क असलेला तुकडा, असते.

परतताना लायटनिंग रिजच्या आर्टेशियन कुंडात, म्हणजे जमिनीखालून येणाऱ्या गरम पाण्याच्या कुंडात, उतरा. पाणी साधारण ४१ अंश, पैसे लागत नाहीत. पिऊन मात्र उतरू नका, आणि पंधरा-वीस मिनिटांनी बाहेर या. त्या पाण्यात चक्कर येते.