छोटं .४५ पिस्तूल घेताय? या चुका टाळा

गेल्या शनिवारी पुन्हा तेच घडलं. ह्यूस्टनच्या पश्चिमेला एका रेंजवर मी टेक्सासच्या हँडगन परवान्याचा, म्हणजे एलटीसीचा वर्ग घेते. या वेळी वर्गात पुण्याकडचे एक गृहस्थ होते. इथे वीस वर्षं झालेली, ग्रीन कार्ड हातात, वागायला अगदी सभ्य. त्यांनी डब्यातून नवंकोरं पिस्तूल काढलं: तीन इंची बॅरल, ॲल्युमिनियमची फ्रेम, काडतूस .४५ एसीपी, म्हणजे साधारण ०.४५ इंच जाडीच्या गोळीचं. "मॅडम, दुकानातलं सगळ्यात छोटं आणि सगळ्यात दमदार. पंधरा मिनिटांत काम झालं," ते म्हणाले.

एलटीसीच्या परीक्षेत ५० गोळ्या झाडायच्या असतात: तीन यार्डांवरून २०, सातवरून २० आणि पंधरावरून १०. एकूण गुण २५०, पास व्हायला १७५. लक्ष्य माणसाच्या आकाराचं असतं, म्हणजे परीक्षा अवघड नाही. पण यांचं पिस्तूल चार वेळा अडलं. दोनदा रिकामी पुंगळी बाहेर न पडता स्लाइडच्या, म्हणजे पिस्तुलाच्या मागेपुढे सरकणाऱ्या वरच्या भागाच्या, तोंडाशी उभी अडकली, दोनदा पुढचं काडतूस चेंबरमध्ये पूर्ण बसलंच नाही. निम्म्या गोळ्या होईपर्यंत अंगठ्याच्या बेचक्यातली कातडी लाल झाली होती. मी मधल्या वेळात त्यांना न सांगता मॅगझिनमध्ये एक डमी काडतूस घातलं. त्यांनी ट्रिगर दाबला, धक्का बसलाच नाही, तरी नळीचं टोक दोन इंच खाली गेलं. धक्का यायच्या आधीच हात त्याला विरोध करत होता. गुण आले १५८.

मग मी त्यांना माझं ग्लॉक ३० दिलं. तेही .४५ एसीपीच, पण बॅरल पावणेचार इंचांची, मॅगझिनमध्ये दहा गोळ्या, हातात धरायला भरपूर जागा. थोडी विश्रांती घेऊन दुसऱ्या प्रयत्नात त्यांनी २१७ गुण मिळवले. मला आनंद झाला, पण ते मात्र आपल्या डब्याकडे बघत बसले. दुकानातून घेतलेलं पिस्तूल साधारणपणे परत घेत नाहीत; विकायला जावं तर सेकंडहँडचा भाव.

ही चूक मी इतक्यांदा पाहिली आहे की तिच्याबद्दल नीट सांगितलंच पाहिजे.

जॉन ब्राउनिंगने .४५ एसीपी काडतूस १९०५च्या सुमारास तयार केलं आणि १९११ साली अमेरिकन सैन्याने ते ज्या पिस्तुलासोबत स्वीकारलं, त्याची बॅरल पाच इंचांची होती. त्या लांबीला स्लाइड जड असते, तिला मागे जायला अंतर मिळतं, आणि तेवढ्या वेळात मॅगझिनची स्प्रिंग पुढचं काडतूस वर आणून ठेवते. हीच रचना साडेतीन किंवा तीन इंचांवर आणली की स्लाइड हलकी होते, तिचा प्रवास घटतो, तिला आवरायला जास्त ताठ स्प्रिंग लागते. सगळं काम कमी वेळात उरकावं लागतं. त्यात धरणाऱ्याचं मनगट सैल असेल तर फ्रेमही स्लाइडबरोबर मागे सरकते, स्लाइडचा प्रवास अर्धवट राहतो आणि पुंगळी अडकते. पाच इंची पिस्तूल तुमची थोडी ढिलाई पोटात घालतं. तीन इंची घालत नाही. स्लाइडला आवरणारी त्याची रिकॉइल स्प्रिंगसुद्धा मोठ्या पिस्तुलापेक्षा फार लवकर बदलावी लागते, आणि ती बदलायची असते हे नव्या माणसाला कोणी सांगत नाही.

आता "दमदार" या शब्दाबद्दल. २३० ग्रेनची (सुमारे १५ ग्रॅम वजनाची) .४५ गोळी पाच इंची बॅरलमधून सेकंदाला साधारण ८५० फूट वेगाने निघते. .४५ ही मुळातच संथ गोळी आहे. बॅरल तीन इंचांची केली की तो वेगही आणखी घटतो. हॉलो पॉइंट, म्हणजे पोकळ तोंडाची गोळी लक्ष्यात शिरल्यावर फुलते; तिला फुलायला ठरावीक वेग लागतो. तो मिळाला नाही, किंवा तिच्या पोकळ तोंडात जाड कपडा कोंबला गेला, तर ती न फुलता साध्या गोळीसारखी जाते. म्हणजे ज्या गुणासाठी एवढा धक्का सहन केला, तोच गुण आखूड बॅरलमध्ये हरवू शकतो. आखूड बॅरलसाठी मुद्दाम बनवलेली काडतुसं मिळतात. घ्यायचं असेल तर ती घ्या. हलक्या पिस्तुलात प्लस-पी, म्हणजे जास्त दाबाची काडतुसं भरून वेग वाढवायचा हा दुसरा मार्ग मला अजिबात पटत नाही. त्याने धक्का वाढतो, सराव कमी होतो.

गोळीच्या व्यासावरून वाद घालणाऱ्यांना मी एफबीआयचा इतिहास सांगते. १९८६ साली मायामीत त्यांचे दोन एजंट चकमकीत मारले गेले, त्यानंतर त्यांनी आधी १० मिमी आणि मग .४० काडतूस घेतलं. चाचणीच्या जिलेटिनच्या ठोकळ्यात गोळी १२ ते १८ इंच शिरली पाहिजे हा त्यांचा निकषही त्याच अनुभवातून आला. आणि २०१४ साली त्यांच्याच प्रशिक्षण विभागाने लिहून दिलं की आधुनिक गोळ्यांमुळे ९ मिमी पुरेशी आहे, शिवाय बहुतेक एजंट तिने जास्त वेगाने आणि जास्त अचूक नेम धरतात. रोज शस्त्र बाळगणाऱ्यांनाही धक्का जाणवतो, तर वर्षातून दोनदा रेंजवर येणाऱ्याने तो जाणवत नाही असं म्हणण्यात काही अर्थ नाही.

मग .४५ घेऊच नये का? मी स्वतः .४५ बाळगते, मला हे काडतूस आवडतं. त्याचा धक्का ९ मिमीसारखा तडकणारा नाही, ढकलणारा आहे, आणि अंगाला पुरेसं वजन असलेल्या पिस्तुलात तो सहज पेलतो. माझी सवय इतकीच: साडेतीन इंचांखालची .४५ मी घेत नाही. भाड्याने पिस्तूल देणाऱ्या रेंजवर त्याच मॉडेलच्या किमान शंभर गोळ्या एका बैठकीत झाडते आणि शेवटच्या दहा गोळ्यांचा कागद वेगळा काढून पाहते. पहिल्या दहांत सगळेच चांगले असतात. विकत घेतल्यावर दोनशे गोळ्या न अडखळता जायला हव्यात, त्यातल्या पन्नास ज्या रोज बाळगणार त्याच कंपनीच्या. खर्च होतो. हा खर्च जड वाटत असेल तर ९ मिमी घ्या आणि उरलेल्या पैशात सराव करा.

हाताच्या मापाकडेही लक्ष द्या. माझे हात लहान आहेत. दुहेरी रांगेच्या .४५ मॅगझिनची मूठ जाड असते आणि ट्रिगरपर्यंत बोट नीट पोहोचायला मला दोन महिने पकड घडवावी लागली. ज्यांना ते जमत नाही त्यांच्यासाठी एकेरी रांगेची, सहा-सात गोळ्यांची बारीक .४५ असतात. बायकांना काउंटरवर सर्रास सगळ्यात हलकं पिस्तूल दाखवतात, याचा मला संताप येतो. हलकं पिस्तूल पर्समध्ये बरं वाटतं आणि हातात जास्त लागतं.

दुसरी चूक होल्स्टरची, म्हणजे पिस्तूल अंगावर ठेवायच्या म्यानाची. हजार डॉलरचं पिस्तूल घेऊन पंधरा डॉलरच्या मऊ नायलॉनच्या पिशवीत ठेवणारे लोक मी दर महिन्याला पाहते. होल्स्टरची दोनच कामं: ट्रिगर पूर्ण झाकणं आणि पिस्तूल जागचं न हलू देणं. मऊ पिशवीचं तोंड पिस्तूल काढलं की मिटतं, मग माणूस दुसऱ्या हाताने ते उघडू पाहतो आणि नळी स्वतःच्याच तळहातावर रोखतो.

काही वर्षांपूर्वीची जानेवारीतली सकाळ. थंडी होती, सगळे जॅकेट घालून आले होते. एका मुलाने तीन गोळ्या चांगल्या मारल्या आणि लगबगीने, न बघता पिस्तूल कमरेच्या होल्स्टरमध्ये सारू लागला. जॅकेटच्या नाडीच्या टोकाची प्लास्टिकची गाठ ट्रिगर गार्डमध्ये शिरलेली मला दिसली. पिस्तुलाला बाहेरचं सेफ्टी बटण नव्हतं. मी "थांब!" असं ओरडले आणि त्याचं मनगट धरलं. अजून अर्धा इंच पिस्तूल खाली गेलं असतं तर नाडीने ट्रिगर ओढला असता आणि गोळी त्याच्या मांडीत गेली असती. त्या दिवशी उरलेला वर्ग मी फक्त पिस्तूल परत ठेवण्यावर घेतला. कपडा बाजूला करा, मान खाली घालून होल्स्टरमध्ये बघा, बोट फ्रेमवर सरळ, आणि सावकाश. पिस्तूल काढायला घाई असू शकते. परत ठेवायला कधीच नसते. माझ्या प्रत्येक जॅकेटच्या नाड्या मी कापून टाकल्या आहेत.

काही गोष्टी थोडक्यात. कमरेला साधा कापडी पट्टा चालत नाही. ताठ पट्टा नसेल तर जड .४५ खाली ओढलं जातं आणि दिवसभर ते सावरण्यातच लक्ष जातं. पिस्तुलाच्या खिशात किल्ल्या, नाणी, फोन, काहीही नको. पर्समध्ये ठेवू नका, पर्स आपण कुठेही ठेवून उठतो. तेच काडतूस रोज चेंबरमधून काढून पुन्हा भरू नका. गोळी पुंगळीत आत दबत जाते आणि दाब धोकादायक वाढतो. शेजारी नवीन काडतूस उभं करून उंची ताडून बघा, फरक दिसला तर टाकून द्या.

घरात लहान मुलं येतात. गौरी-गणपतीला आमच्याकडे चाळीस माणसं असतात आणि पोरं सगळ्या खोल्यांतून धावतात. उशीखाली किंवा कपाटावर ठेवलेलं पिस्तूल त्यांना सापडतंच. टेक्सासमध्ये तुमच्या निष्काळजीपणामुळे १७ वर्षांखालच्या मुलाच्या हाती भरलेलं शस्त्र लागलं तर तो गुन्हा आहे. अंगावर नसेल तेव्हा ते कुलूपबंद पेटीत, एवढा एकच नियम आमच्या घरात आहे.

आणि मंडळाचे कार्यक्रम! आपले नाटक-गाण्याचे कार्यक्रम बऱ्याचदा शाळेच्या सभागृहात होतात. रविवार असला तरी ती शाळाच. परवाना असला तरी शाळेच्या इमारतीत पिस्तूल न्यायचं नाही. सप्टेंबर २०२१ पासून टेक्सासमध्ये २१ वर्षांवरच्या पात्र व्यक्तीला परवान्याशिवाय पिस्तूल बाळगता येतं, म्हणून अनेक जण परवानाच काढत नाहीत. त्यांना हे माहीत नसतं की शाळेपासून हजार फुटांच्या आत बंदूक न्यायला मनाई करणाऱ्या केंद्रीय कायद्यात राज्याचा परवाना असणाऱ्याला सूट आहे, परवाना नसणाऱ्याला नाही. शाळेसमोरून चालत गेलात तरी अडचण. परवाना काढा.

सगळ्यात गंभीर चूक मात्र खरेदीच्याही आधीची आहे. एच-१बी, एल-१, एफ-१ अशा व्हिसावर असलेल्यांना केंद्रीय कायद्याने बंदूक आणि काडतुसं बाळगायला मनाई आहे. शिकारीच्या परवान्यासारखे मोजके अपवाद आहेत. त्यांच्या भरवशावर काही करण्याआधी वकिलाला विचारा. मित्रांबरोबर रेंजवर जाऊन भाड्याचं पिस्तूल हातात घेणंही यात येऊ शकतं. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात २०१९ साली गाजलेल्या रेहाइफ खटल्यात विद्यार्थी व्हिसावर आलेला, पण इथे राहण्याचा हक्क गमावलेला माणूस रेंजवर गोळीबार केल्यामुळेच अडकला होता. आणि व्हिसावरच्या मित्रासाठी "माझ्या नावावर घेतो" असं चुकूनही करू नका. २०२२च्या कायद्यानंतर या गुन्ह्याला पंधरा वर्षांपर्यंत शिक्षा आहे. मला फोन करून "काही मार्ग निघेल का" असं विचारणारे अजून भेटतात. मी नाही म्हणते आणि फोन ठेवते.

शेवटचं भारतात जाण्याबद्दल. रेंजवर नेलेली बॅग भारतात नेऊ नका. माझ्या एका विद्यार्थ्याने पाठीवरची तीच बॅग घेऊन सुट्टीसाठी प्रवास केला. परतताना विमानतळावरच्या तपासणीत अस्तराच्या शिवणीत एक काडतूस सापडलं. भारताच्या १९५९च्या शस्त्र कायद्यानुसार परवान्याशिवाय एक जिवंत काडतूस असणंही गुन्हा ठरू शकतं. त्याचं विमान सुटलं, वकील करावा लागला, आई-वडिलांना पोलीस ठाण्यात बसावं लागलं. तेव्हापासून माझी रेंजची बॅग भडक लाल रंगाची आहे. ती गॅरेजमध्ये खिळ्याला टांगलेली असते आणि घरातल्या सुटकेसच्या जवळही येत नाही.