जुन्या एचडी डीव्हीडी आज कशा पाहायच्या

माझ्याकडे अकरा एचडी डीव्हीडी आहेत, म्हणजे एकेकाळी ब्लू-रेशी स्पर्धा करणाऱ्या जास्त स्पष्ट चित्राच्या चित्रपट-डिस्क. १९ फेब्रुवारी २००८ला एचडी डीव्हीडीमागच्या तोशिबा कंपनीने माघार घेतली आणि ब्लू-रे जिंकली, पण माझ्या डिस्क काही मी टाकल्या नाहीत. तुम्हीही टाकू नका.

आधी डबी बघा. लालसर असेल तर एचडी डीव्हीडी, निळी असेल तर ब्लू-रे. दोन्हींचा लेझर ४०५ नॅनोमीटरचाच, म्हणून एक प्लेअर दोन्ही चालवेल असं मलाही वाटलं होतं. तसं होत नाही. एचडी डीव्हीडीत माहितीचा थर पृष्ठभागापासून ०.६ मिलिमीटर खोल असतो, ब्लू-रेत फक्त ०.१. त्यामुळे लेन्सची रचनाच वेगळी लागते. साधा ब्लू-रे प्लेअर तुमची डिस्क ओळखणारच नाही. त्याला दोष देऊ नका.

मग काय घ्यायचं? एक्सबॉक्स ३६० या गेम कन्सोलसाठी निघालेला बाहेरचा एचडी डीव्हीडी ड्राइव्ह शोधा. तो यूएसबीने संगणकालाही जोडता येतो. संगणकावर डिस्क चालवणारं सॉफ्टवेअर मात्र आधी तपासा, कारण नव्या आवृत्त्यांतून एचडी डीव्हीडीची सोय काढलेली असू शकते. जुना एचडी डीव्हीडी प्लेअर मिळाला तर उत्तमच, आणि या डिस्कना रिजन कोड (डिस्क ठराविक देशांतल्या प्लेअरवरच चालण्याचं बंधन) नसल्यामुळे तो कुठल्या देशातला आहे याची चिंता नको.

डिस्क मऊ कापडाने मध्यापासून कडेकडे सरळ पुसा, गोल फिरवून नाही. काही डिस्कच्या दुसऱ्या बाजूला साधी डीव्हीडीही असते. ती बाजू आधी लावून बघा, रिजन कोड जुळला तर ती साध्या डीव्हीडी प्लेअरवरही चालते.