स्प्रे गन रंग थुंकत होती, त्यावर केलेला उपाय

छोट्या इलेक्ट्रिक स्प्रे गनमधून एकसारखा फवारा न येता रंगाचे ठिपके उडत असतील, तर लगेच मोटरला दोष देऊ नका. आमच्या पडवीच्या भिंतीवर हेच चाललं होतं. प्लॅस्टिक इमल्शन डब्यातून निघतं तसं दाट या गनला झेपत नाही.

आधी रंग जुन्या सुती साडीच्या तुकड्यातून गाळला. डब्याच्या काठाची सुकलेली सालपटं फडक्यावर राहिली. मग थोडं थोडं पाणी घालत गनसोबतच्या, तळाला भोक असलेल्या मापाच्या कपातून धार पाहिली. कप किती सेकंदांत रिकामा व्हावा हे पुस्तिकेत दिलेलं असतं, तेच प्रमाण धरावं.

तरी ठिपके थांबेनात. प्लग काढून नोझल, म्हणजे रंग बाहेर पडतो ते तोंड, खोललं, तर आतल्या सुईच्या टोकाशी रंग सुकून घट्ट बसलेला. कोमट पाण्यात भिजवून टूथब्रशने साफ केला. तार अजिबात घालू नका, भोक खराब होतं.

मग वीतभर अंतर ठेवून हात भिंतीला समांतर चालवला आणि फवारा अगदी मऊ, सलग बसला. मास्क हवाच. खिडक्या, फरशी झाका, रंगाचे कण लांबवर जातात. वारा असेल त्या दिवशी बाहेरची भिंत हाती घेऊ नये.