जुने जपानी रहस्यपट बघायचेत? मग असे बघा

सगळ्यात आधी खुनी कोण हे ओळखायचा नाद सोडा. या पिक्चर्सची खरी मजा तपासात आहे, म्हणजे पोलीस उन्हातान्हात पायपीट करतायत, घाम पुसतायत, लँडलाइनपाशी ताटकळत बसलेत, गावोगाव ट्रेनने हिंडतायत... ज्यांनी आपल्याकडे ट्रंक कॉल लावून वाट बघितलीय त्यांना तर तो काळ लगेच ओळखीचा वाटतो.

सुरुवात दिग्दर्शक अकिरा कुरोसावाच्या 'हाय अँड लो'पासून करा, १९६३चा आहे. अपहरण झालंय, खंडणीचे पैसे धावत्या ट्रेनमधून टाकायचेत आणि खिडकी उघडते फक्त ७ सेंटिमीटर! तो सीन भारीच आहे पण माझा जीव दुसऱ्याच सीनवर आहे. अपहरण करणाऱ्याच्या फोनचं रेकॉर्डिंग पोलीस एका रेल्वेवाल्याला ऐकवतात, मागे कुठेतरी गाडीचा आवाज असतो, आणि तो नुसतं ऐकून सांगतो की ही कुठल्या लाइनची गाडी आहे. तेव्हा मोबाइल लोकेशन वगैरे कुठलं, सगळी भिस्त त्या माणसाच्या कानावर. असे सीन आले की रिवाइंड करून परत बघा, मी तर दरवेळी बघते.

मग 'स्ट्रे डॉग', १९४९चा. बसमध्ये एका तरुण पोलिसाचं पिस्तूल मारलं जातं आणि त्या पोलिसाचं काम करणारा तोशिरो मिफुने ते शोधत टोकियोच्या उकाड्यात वणवण फिरतो. हा मे महिन्यातच बघावा असं माझं ठाम मत आहे, पुण्यात दुपारी पंखा फुल करून. त्यानंतर दिग्दर्शक नोमुराचा 'कॅसल ऑफ सँड', १९७४. शेवटी ऑर्केस्ट्रा सुरू झाला की मध्ये उठायचं नाही, फोन आला तरी नाही, आणि रुमाल जवळ ठेवा.

१९७६चा 'द इनुगामी फॅमिली' मात्र कागद-पेन घेऊन बघा. मृत्युपत्र, तीन बहिणी, त्यांची मुलं, त्यातला एक पांढरा रबरी मुखवटा घालून बसलेला, आणि नावं सगळी सारखीच, सुकेकियो सुकेताके सुकेतोमो, वंशावळ काढल्याशिवाय धागा लागत नाही. डिटेक्टिव्ह किंदाइची, चुरगळलेला किमोनो आणि विस्कटलेले केस, लगेच आवडतो.

आणि पुणेकरांसाठी खास, किंदाइचीचे लेखक योकोमिझो युद्धाच्या शेवटी टोकियो सोडून जपानच्याच ओकायामा भागात राहायला गेले आणि तिथल्या खेड्यापाड्यांत त्यांनी बऱ्याच गोष्टी घडवल्या. आपल्या सिंहगड रोडचं पु. ल. देशपांडे उद्यान, ज्याला आपण ओकायामा गार्डन म्हणतो, ते त्याच ओकायामाच्या कोराकुएन बागेवरून केलंय. सकाळी तिथे एक चक्कर मारा आणि घरी येऊन दिग्दर्शक इचिकावाचा १९७७चा 'गोकुमोन-तो' लावा, हाही किंदाइचीचाच, तो ओकायामाजवळच्या बेटावरच घडतो. फक्त प्रिंट चांगली शोधा, सबटायटल्स नीट असलेली, आणि दीडपट स्पीडवर अजिबात बघू नका.