परदेशी तज्ज्ञाला नाशिकला नोकरीवर आणायचंय? व्हिसाआधीचं आणि नंतरचं काम

अंबडच्या कारखान्याला जर्मन टूल डिझायनर हवा असतो, दिंडोरीकडच्या वायनरीला फ्रान्समधला वाइनमेकर. मग पहिला प्रश्न येतो, कंपनीला त्यासाठी लायसन्स कुठून काढायचं? ब्रिटनमध्ये मालकाला आधी सरकारकडून स्पॉन्सर लायसन्स घ्यावं लागतं. भारतात तसं नाही. इथे प्रत्येक माणसामागे वेगळा एम्प्लॉयमेंट व्हिसा लागतो आणि तो देतो त्याच्या देशातला भारतीय दूतावास. अर्जावर सही त्याची असते, पण अर्ज टिकतो किंवा पडतो तो तुमच्या दोन कागदांवर: समर्थन पत्र आणि नोकरीचा करार. माणूस मुंबईत उतरल्यावर यातलं जवळपास काहीच दुरुस्त करता येत नाही, म्हणून सगळा वेळ या दोन कागदांना द्या.

कंपनी भारतात नोंदलेली हवी, हे उघडच आहे. कारकुनी, सेक्रेटरी किंवा रोजच्या साध्या कामासाठी, किंवा ज्या कामाला भारतात भरपूर पात्र माणसं मिळतात त्यासाठी, हा व्हिसा मिळत नाही. तिसरी अट पगाराची: वर्षाला १६.२५ लाख रुपयांपेक्षा जास्त. परदेशी पद्धतीचं जेवण बनवणारे आचारी, इंग्रजी सोडून इतर भाषा शिकवणारे शिक्षक आणि दुभाषे यांना पगाराची ही अट नाही. त्यामुळे कॉलेज रोडवरच्या जर्मन क्लासला जर्मनीहून शिक्षिका आणायची असेल तर पगाराचा आकडा आड येत नाही. बाकीच्या अटी मात्र तिलाही लागू.

आकड्यात लोक फसतात ते इथे. पगार १५ लाख आणि वर 'राहायला घर कंपनीकडून' एवढंच करारात लिहिलं, तर दूतावास १५ लाखच धरतो. घरासारख्या सवलती आयकराच्या दृष्टीने पगारात येतात, तेव्हा त्या मोजता येतात, पण करारात त्यांची किंमत रुपयांत लिहिलेली असली तरच. घराचं करपात्र मूल्य १.५ लाख असं स्पष्ट मांडलंत तर एकूण १६.५ लाख होतात आणि अट पूर्ण होते. हे मूल्य सीएकडून काढून घ्या. प्रत्यक्ष भाडं आणि करपात्र मूल्य एकच असेल असं नाही.

समर्थन पत्रात 'अनुभवी वाइनमेकरची गरज आहे' हे वाक्य काहीच सांगत नाही. नाशिकमध्ये वाइन बनवणारी माणसं आहेत, हे दूतावासालाही माहीत असतं. त्याऐवजी काम लिहा: ओक बॅरलमधली रेड वाइन कंपनी पहिल्यांदाच काढतेय, अमुक क्षमतेचा तळघर विभाग उभा राहतोय, या माणसाने अशा विभागावर इतकी वर्षं काम केलंय, आणि करार संपेपर्यंत तो आपल्या दोन माणसांना तयार करणार आहे. भारतात जाहिरात दिली असेल, मुलाखती घेतल्या असतील, तर त्याचा पुरावा जोडा. पत्रातलं पदनाम, करारातलं पदनाम आणि अर्जातलं पदनाम अक्षरशः एकच हवं. एकीकडे 'कन्सल्टंट' आणि दुसरीकडे 'मॅनेजर' असलं की शंका येते, आणि ती रास्त असते. नोंदणीकृत कार्यालय मुंबईत आणि काम सिन्नरच्या प्लँटमध्ये असेल तर दोन्ही पत्ते लिहा. सोबत कंपनीचं नोंदणी प्रमाणपत्र, पॅन, जीएसटी नोंदणी, आयकर विवरणपत्रं, आणि त्याच्या पदव्या व अनुभवपत्रं द्या.

अर्ज त्याने आपल्या मूळ देशातून करायचा. दुसऱ्या देशातून करायचा असेल तर तिथे दोन वर्षांहून जास्त कायमचं वास्तव्य हवं. ई-व्हिसात नोकरीचा प्रकार नाही. 'आधी टुरिस्ट व्हिसावर येऊ दे, मग बदलून घेऊ' हा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका. टुरिस्ट व्हिसा इथे नोकरीच्या व्हिसात बदलत नाही. वायनरीवाल्यांनी तर विशेष लक्ष द्यावं. द्राक्षांची तोडणी जानेवारीत सुरू होते, म्हणजे पत्र आणि करार सप्टेंबरातच तयार हवेत.

व्हिसा हातात आला की त्यावर तुमच्या कंपनीचं नाव बरोबर छापलंय का ते तिकीट काढण्याआधी बघा. तो याच नावाला बांधलेला असतो.

व्हिसा १८० दिवसांपेक्षा जास्त मुदतीचा असेल तर भारतात आल्यापासून १४ दिवसांत ई-एफआरआरओ पोर्टलवर (परदेशी नागरिकांची नोंद ठेवणाऱ्या एफआरआरओ या सरकारी कार्यालयाच्या संकेतस्थळावर) नोंदणी करावी लागते. दिवस मुंबई विमानतळावर उतरल्यापासून मोजायचे, कामावर रुजू झाल्यापासून नाहीत. नोंदणीत इथला पत्ता लागतो. तो राहण्याचा पत्ता, कारखान्याचा नव्हे. गंगापूर रोडवर राहून दिंडोरीत काम करणारा माणूस शहराच्या हद्दीत येतो. पत्त्यासाठी भाडेकरार लागतो आणि महाराष्ट्रात लीव्ह अँड लायसन्सचा करार नोंदणीकृतच असावा लागतो. साध्या स्टॅम्प पेपरवरचा करार इथे अडतो. माणूस येण्याआधीच घर ठरवून ठेवलं तर १४ दिवस पुरतात. शिवाय ज्याच्याकडे तो मुक्कामाला आहे, हॉटेल असो वा घरमालक, त्याने २४ तासांत ऑनलाइन कळवायचं असतं. हॉटेलांना हा फॉर्म (पूर्वीचा सी फॉर्म) पाठ असतो, घरमालकांना बहुतेक माहीतच नसतो. ते काम एचआरने बसून करून द्यावं.

पीएफचा खर्च बजेटमध्ये अनेकदा राहून जातो. पीएफ कायदा लागू असलेल्या आस्थापनेत परदेशी कर्मचाऱ्याला १५,००० रुपयांची पगारमर्यादा नसते. पीएफसाठी धरला जाणारा पगार महिना १.२५ लाख असेल तर १२ टक्क्यांनी कंपनी आणि कर्मचारी दोघांचे प्रत्येकी १५,००० रुपये दरमहा. जर्मनी, फ्रान्स, जपान यांच्याशी भारताचा सामाजिक सुरक्षा करार आहे; तिथल्या कंपनीनेच माणूस पाठवला असेल आणि त्याची वर्गणी तिकडे चालू असेल, तर तिथलं कव्हरेज प्रमाणपत्र आणल्यावर इथली वर्गणी वाचते. या पीएफ तरतुदीवर उच्च न्यायालयांचे निकाल एकमेकांशी जुळत नाहीत, म्हणून पगार ठरवण्याआधी पीएफ सल्लागाराचं मत घ्या.

व्हिसाची मुदतवाढ इथूनच, त्याच ई-एफआरआरओ पोर्टलवर मागता येते. पहिल्या व्हिसापासून एकूण पाच वर्षांपर्यंत. त्या वेळी त्याच्या पगारावर कर कापून भरल्याचा पुरावा पाहिला जातो. करारात १७ लाख आणि टीडीएस ११ लाखांवर, अशी तफावत असेल तर अर्ज तिथेच अडकतो.

या प्रक्रियेत कंपनीकडून हमीपत्र घेतलं जातं; त्यानुसार तो इथे असेपर्यंत त्याची जबाबदारी कंपनीची आहे. त्याने मध्येच नोकरी सोडली तर त्याच आठवड्यात एफआरआरओला कळवा. मूळ कंपनी आणि तिची उपकंपनी यांच्यातली परवानगीने होणारी बदली सोडली, तर शेजारच्या कारखान्यात तो याच व्हिसावर रुजू होऊ शकत नाही. त्याला मायदेशी जाऊन नव्या मालकाच्या कागदांवर नवा व्हिसा घ्यावा लागतो.