ओरेगॉन ट्रेल: पाचही माणसं जिवंत कशी पोचवायची

अमेरिकेतल्या कितीतरी मुलांनी शाळेतल्या कॉम्प्युटरवर खेळलेला पहिला गेम म्हणजे ‘द ओरेगॉन ट्रेल’. मिनेसोटातल्या तीन तरुण शिक्षकांनी तो १९७१ मध्ये इतिहासाच्या तासासाठी बनवला. सगळ्यांना आठवते ती मात्र १९८५ ची चित्रांची आवृत्ती. तिचंच डॉसवरचं (जुन्या पीसीच्या प्रणालीवरचं) रूप इंटरनेट अर्काइव्ह या संकेतस्थळावर ब्राउझरमध्ये फुकट खेळता येतं. कीबोर्ड हवा, मोबाइलवर नाद करू नका.

ओरेगॉन ट्रेल ही एकोणिसाव्या शतकात पश्चिमेला वस्तीसाठी निघालेल्या लोकांची खरी वाट. गेममधलं साल १८४८. मिझुरीतल्या इंडिपेंडन्स गावातून बैल जुंपायचे आणि सुमारे ३२०० किलोमीटरवरचं ओरेगॉनचं विल्यामेट खोरं गाठायचं.

१. आधी बँकर व्हा. बॉस्टनच्या बँकरकडे १६०० डॉलर असतात, ओहायोच्या सुताराकडे ८०० आणि इलिनॉयच्या शेतकऱ्याकडे ४००. शेतकऱ्याला शेवटी तिप्पट गुण मिळतात, पण वाट माहीत होईपर्यंत त्या लोभात पडू नका. सोबतच्या चौघांना नावं द्यायची असतात. मुलं हटकून वर्गमित्रांची नावं देतात आणि मग कोण कशाने मेलं यावर हसत बसतात.

२. एप्रिल किंवा मे निवडा. मार्चमध्ये थंडी असते आणि बैलांना पुरेसं गवत नसतं. जुलैत निघालात तर डोंगरात बर्फ गाठतो. खरे प्रवासीसुद्धा ४ जुलैपर्यंत वायोमिंगमधल्या इंडिपेंडन्स रॉकपाशी पोचायची धडपड करत.

३. खरेदी. खरा खेळ इथेच आहे. दुकानदार मॅट सांगतो: बैलांच्या किमान तीन जोड्या, माणशी २०० पौंड धान्य, माणशी कपड्यांचे दोन जोड. जोडी ४० डॉलरला, धान्य पौंडाला २० सेंट, कपड्यांचा जोड १० डॉलर. पाच माणसांसाठी बेरीज करा: १२० अधिक २०० अधिक १००, म्हणजे ४२०. शेतकऱ्याच्या खिशात ४०० च! अजून गोळ्या नाहीत, सुटे भाग नाहीत. ही बेरीज मुलांना स्वतः करू द्या, गेममधला सगळ्यात चांगला धडा तोच आहे.

बँकर असाल तर हात आखडू नका. चार-पाच जोड्या घ्या, चाक, आस आणि दांडी प्रत्येकी दोन घ्या. पुढच्या किल्ल्यांवरही दुकानं लागतात, पण जसजसे पश्चिमेला जाल तसतसे भाव चढतात.

४. बेताने हाका. वेगाचे पर्याय तीन: दिवसाला आठ, बारा किंवा सोळा तास. आठच ठेवा आणि जेवण पोटभर. पाच माणसांना पोटभर म्हणजे रोज १५ पौंड, त्यामुळे साठ्यावर नजर हवी. कुणी आजारी पडलं की तिथेच दोन-तीन दिवस मुक्काम करा. आमांश, पटकी, गोवर, विषमज्वर या गेममध्ये हिंस्र श्वापदांपेक्षा जास्त माणसं नेतात. खऱ्या वाटेवरही रोगराईच सगळ्यात मोठी मारेकरी होती. पटकी तर मुक्कामाच्या दूषित पाण्यातून पसरे.

५. शिकार आवरा. सगळ्यांना आवडतो तो हाच भाग, आणि गोळ्या वाया जातात त्याही इथेच. कितीही जनावरं पाडा, गाडीपर्यंत १०० पौंडच मांस आणता येतं. एक बायसन (अमेरिकेतला रानगवा) पाडलात की पुरे. खारीमागे गोळ्या उडवणं हा निव्वळ हट्ट.

६. नदी. पाणी साधारण अडीच फुटांपेक्षा कमी असेल तर सरळ गाडी घाला. जास्त असेल आणि गाडी पलीकडे नेणारी फेरी असेल तर पाच डॉलर द्या, दोन-चार दिवस थांबावं लागलं तरी. गाडीच्या फटी बुजवून ती तरंगवत नेणं स्वस्त पडतं, पण उलटली तर धान्य, कपडे आणि कधी माणूसही जातो. स्नेक नदीवर तिथले मूलनिवासी कपड्यांच्या बदल्यात वाट दाखवतात. तेव्हा देऊन टाका.

इथे एक सांगायला हवं. ही वाट ज्यांच्या प्रदेशातून गेली त्या मूलनिवासींच्या जमिनी पुढे त्यांच्या हातून गेल्या, आणि जुन्या आवृत्तीत त्याबद्दल फारसं काही नाही. मुलांबरोबर खेळताना ते आपणच बोलावं. २०२१ च्या नव्या आवृत्तीसाठी मूलनिवासी इतिहासकारांचा सल्ला घेतला गेला आणि त्यात त्यांची पात्रंही खेळता येतात.

७. शेवटचा टप्पा. ओरेगॉनमधल्या द डॅल्स या ठिकाणी पोचलात की दोन वाटा फुटतात: कोलंबिया नदीतून तराफा, नाहीतर टोल भरून बार्लो रोड. तराफ्यावर खडक चुकवत जायची मजा आहे, पण चौघं-पाच जण धडधाकट असतील तर टोल भरा. कारण हिशेब असा: ठणठणीत माणसाचे ५०० गुण आणि उरलेल्या दर पाच डॉलरला फक्त एक.